अल्फाल्फाचं बी: चाऱ्यापासून अँटिऑक्सिडंटच्या आकड्यापर्यंत

अल्फाल्फा म्हणजे आपली लसूणघास. नावात लसूण असली तरी लसणाशी हिचं काही नातं नाही, ही मेथीच्या जवळची. मूळची इराणकडची, ग्रीक लोक हिला मीडियाचं (इराणातल्या एका प्राचीन प्रदेशाचं) गवत म्हणायचे, त्यावरूनच मेडिकागो हे शास्त्रीय नाव आलं. शेकडो वर्षं हिच्याकडे बघितलं ते घोड्यांचा नि गुरांचा चारा म्हणूनच.

लॅबवाल्यांचं लक्ष आधी पाल्याकडे गेलं. 1939 मध्ये व्हिटॅमिन के1 अल्फाल्फातूनच वेगळं काढलं, 1957 मध्ये कूमेस्ट्रॉल सापडलं, जे शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं.

बियांचं प्रकरण तापलं ते कोलेस्टेरॉलमुळे. 1981 मध्ये मालिनो आणि सहकाऱ्यांनी छापलं की कोलेस्टेरॉलच्या अभ्यासासाठी बिया खाणाऱ्या एका माणसाच्या रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी कमी झाल्या, आणि पुढच्याच वर्षी अल्फाल्फाचे मोड खाल्लेल्या माकडांमध्ये ल्युपससारखा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तसा आजार दिसला. संशय बियांतल्या कॅनाव्हनिन नावाच्या अमिनो आम्लावर. हे दिसायला प्रोटीनमध्ये लागणाऱ्या आर्जिनिन या अमिनो आम्लासारखं, त्यामुळे शरीर फसतं आणि प्रोटीन बनवताना त्याच्या जागी हेच बसवून टाकतं, बी खायला येणाऱ्या किड्यांना अडवायला ते बरंच पडतं म्हणा. 1987 मध्ये 15 रुग्णांना गरम प्रक्रिया केलेल्या बिया 40 ग्रॅम, दिवसातून तीनदा, 8 आठवडे दिल्या तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरलं. म्हणजे एकाच बीचे दोन चेहरे.

मला सगळ्यात भारी वाटतं ते 1986 चं काम. दोन मिलिमीटरभर बी मातीत भिजलं की त्यातून ल्युटिओलिन नावाचं फ्लॅवोन (एक वनस्पती-रसायन) बाहेर पाझरतं, ते आजूबाजूच्या रायझोबियम जिवाणूंना कळतं, त्यांचे गाठी बनवणारे जीन चालू होतात आणि पुढे मुळांवर हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या गाठी येतात. थोडक्यात बी मातीत निरोप धाडतंय! आणि हेच ल्युटिओलिन आज बियांच्या अर्कावरच्या संशोधन पेपरांत अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवतं.

अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची टेस्ट मुळात साधी आहे, ब्लॉइस या शास्त्रज्ञाने 1958 मध्ये डीपीपीएच या रंगीत रसायनाची पद्धत मांडली, गडद जांभळं द्रावण, त्यात अर्काचे थेंब टाकले की रंग उतरत उतरत पिवळट होतो, 517 नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती उतरला ते वाचायचं, झालं. अर्कातली फिनॉल (अँटिऑक्सिडंट म्हणून गणली जाणारी रसायनं) मोजायला फोलिनचा रिएजंट, फिनॉल भेटली की निळा होणारा, तो 1927 चा, पण त्याला व्हिटॅमिन सी आणि काही प्रोटीनसुद्धा निळं करता येतं, त्यामुळे आकडा फुगतो. मेथनॉलने अर्क काढा नाहीतर पाण्याने, दोन्हीकडे उत्तर वेगळं येणार कारण कुठल्या सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) काय उतरतं यावरच सगळं, म्हणून सॉल्व्हंट न सांगता दिलेली टक्केवारी मी तर सरळ सोडून देतो.

2012 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांचे ओआरएसी (अँटिऑक्सिडंट ताकदीचं आणखी एक टेस्टट्यूब मोजमाप) आकडे आपल्या वेबसाइटवरून काढून टाकले, कारण टेस्टट्यूबमधलं मोजमाप शरीरात लागू पडतंय असं दिसत नव्हतं आणि कंपन्या तेच आकडे जाहिरातीत वापरत होत्या. अल्फाल्फाच्या बियांवरचे पेपर त्यानंतरही येतच राहिले, आणि बऱ्याच पेपरांत टेस्ट अजून तीच, जांभळ्याचा पिवळा.