वाळवंटातले दगडी पतंग

जॉर्डनच्या ईशान्येचं वाळवंट काळं आहे. आपल्या सह्याद्रीसारखाच तिथेही लाव्हा थिजून बेसॉल्ट झाला, आणि त्याचे धोंडे मैलोन्‌मैल पसरलेत. १९२१ पासून कैरो-बगदाद टपाल घेऊन ब्रिटिश हवाई दलाची विमानं त्यावरून जाऊ लागली. वैमानिकांना खाली दगडांच्या लांबच लांब रेघा दिसल्या. आकारावरून त्यांनी नाव दिलं 'काइट', म्हणजे पतंग. पर्सी मेटलंड या वैमानिकाने १९२७ साली 'अँटिक्विटी' या नियतकालिकात त्यावर लिहिलं. तिथल्या बेदुईनांना, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांना मात्र या भिंती आधीपासून ठाऊक होत्या. ही 'जुन्या माणसांची कामं', असं ते सांगत. शोधाचं श्रेय देताना हे विसरू नये, असं मला वाटतं.

मेटलंडला ती संरक्षणाची बांधकामं वाटली. पुढे कुणी गुरांचे कोंडवाडे म्हटलं, कुणी शिकारीचे सापळे. वाद मिटायला जमिनीवर उतरून खणावंच लागलं.

जवळून पाहिलं तर हा कोकणातला गडगाच: चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. कित्येक ठिकाणी उंची जेमतेम गुडघाभर. पण चिंकाऱ्याच्या जातकुळीतली गझेल हरणं अशी भिंत सहसा ओलांडत नाहीत, तिच्या कडेकडेने पळतात. हाका करून कळप दोन भिंतींच्या मध्ये घातला की वाट अरुंद होत जाते आणि शेवटी आवार लागतं. आवाराच्या कडेला पुरुषभर किंवा त्याहूनही खोल खड्डे. आग्नेय जॉर्डनमधल्या जिबाल अल्-खशाबिये इथे फ्रेंच-जॉर्डेनियन पथकाने ते खणले, आणि शिकारीची बाजू पक्की झाली. तिथले सापळे सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचे आहेत. उपग्रहचित्रांतून आता मध्य आशियापर्यंत असे ६,००० हून अधिक पतंग मोजले गेलेत.

त्याच पथकाला २०१५ मध्ये शिकाऱ्यांच्या वस्तीत एक दगड मिळाला. लांबी ८० सेंटिमीटर, वजन सुमारे ९२ किलो. त्यावर पतंगाचा आराखडा कोरलेला: जवळ येत जाणाऱ्या भिंती, आवार, कडेचे खड्डे, सगळं साधारण १:४२५ या प्रमाणात. जमिनीवर उभं राहून हा आकार एका नजरेत मावत नाही. कोरणाऱ्याने तो पायांनी मोजला असेल का, मला सारखं वाटत राहतं.