स्वमग्न मुलांच्या झोपेसाठी वर्तनाधारित उपाय

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलाला वेळेवर झोप लागावी, ती रात्रभर टिकावी आणि जाग आली तरी त्याला स्वतःहून पुन्हा झोपता यावे, यासाठी सवयी, भोवतालचे वातावरण आणि पालकांचा प्रतिसाद यांत विचारपूर्वक केलेल्या बदलांना वर्तनाधारित उपाय म्हणतात. विविध अभ्यासांत निम्म्या ते ८० टक्के स्वमग्न मुलांत झोपेच्या तक्रारी आढळल्या आहेत. बद्धकोष्ठता, अपस्मार, घोरणे, लोहाची कमतरता यांसारखी कारणे आधी तपासावीत, मग हे उपाय करावेत आणि त्यांनी भागले नाही तरच मेलाटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकाच्या औषधाचा विचार करावा, असा क्रम अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली सुचवला.

जेवण, अंघोळ, अंथरूण, दिवा मालवणे हा क्रम रोज तोच ठेवून चित्रांच्या पट्टीवर दाखवला, की पुढे काय होणार हे मुलाला न बोलता कळते. मूल अकराशिवाय झोपतच नसेल, तर त्याला नऊ वाजता आडवे करून दोन तास झगडण्यात अर्थ नसतो. काही दिवस अकरालाच झोपवून, उठण्याची वेळ न बदलता, झोपेची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणणे अधिक उपयोगी ठरते.

मूल रडले तरी जवळ न जाता त्याला स्वतःहून झोपू द्यायचे, ही रडण्याकडे दुर्लक्ष करण्याची पद्धत पाश्चात्त्य पुस्तकांत मुलाची वेगळी खोली गृहीत धरते. सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत आजी, आईवडील आणि मुले एकाच खोलीत झोपतात. रात्रीची वीज आली की वडील उसाला पाण्याची दारे धरायला उठतात आणि हंगामात रस्त्याने गाणी वाजवत उसाचे ट्रॅक्टर जातात. अशा ठिकाणी आईने आपले अंथरूण काही रात्रींच्या अंतराने हातभर लांब सरकवणे आणि पंख्याचा एकसुरी आवाज चालू ठेवणे हेच व्यवहार्य असते. मात्र आधी घरातल्या सगळ्यांचे एकमत हवे. आई शांत राहिली आणि आजीने मायेपोटी उचलून घेतले, तर अधिक वेळ रडल्यावर उचलतात एवढेच मूल शिकते. सुरुवातीच्या रात्री रडणे वाढते, हे शेजाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवावे. मूल स्वतःला इजा करत असेल, तर ही पद्धत तज्ज्ञांच्या देखरेखीविना वापरू नये.

झोपेसाठी मुद्दाम वजन भरलेल्या जड गोधडीचा बराच बोलबाला असला, तरी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तिने झोपेचा एकूण कालावधी वाढल्याचे दिसले नाही.