तासाला किती इंच? सरळ रेषेच्या वाचनाची पार्श्वभूमी

जुलै उजाडला की कोल्हापुरात एकच विचारणा सुरू होते: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? उत्तर फूट-इंचांत येतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. लगेच पुढचा प्रश्न येतो, तासाला किती इंच चढतंय? तासाला दोन इंच असेल तर ३९ वरून ४३ ला पोचायला चोवीस तास. नदीकाठच्या पेठांतली माणसं हा हिशेब बोटांवर करतात आणि माळ्यावर काय चढवायचं, जनावरं कधी सोडायची ते ठरवतात. दहावीच्या पुस्तकातला 'रेषेचा चढ' तो हाच.

वेळ आडव्या अक्षावर आणि मोजलेली गोष्ट उभ्या अक्षावर मांडून व्यवहारातले आकडे लोकांपुढे ठेवायची रीत रुळवली ती विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. त्याच्या रेषा मात्र वेड्यावाकड्या होत्या, आकडे जातील तिकडे जाणाऱ्या. विखुरलेल्या बिंदूंमधून एकच रेषा काढायची तर कुठली, याचं उत्तर खगोलशास्त्रातून आलं. धूमकेतूंच्या कक्षा काढताना फ्रेंच गणिती लजांद्रने १८०५ मध्ये किमान वर्गांची पद्धत प्रसिद्ध केली: प्रत्येक बिंदू रेषेपासून जितका हुकतो त्याचा वर्ग घ्या, आणि सगळ्या वर्गांची बेरीज जिथे सर्वांत कमी तीच रेषा. जर्मन गणिती गाऊसने १८०९ मध्ये ती आपण आधीपासून वापरतो असं सांगितलं आणि वाद पेटला. पुढे आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या इंग्रज गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीचा आलेख काढला, तेव्हा चढ आला सुमारे दोन-तृतीयांश. आईवडील सरासरीपेक्षा तीन इंच उंच असतील तर मुलं सरासरीने दोनच इंच उंच. सरासरीकडे मागे फिरण्याच्या या कलावरूनच बिंदूंमधून अशी रेषा काढण्याला 'रिग्रेशन' (मागे फिरणं) हा शब्द रुळला.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो आपल्याच देशातला प्रसंग. १९२६ मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचं पात्र वर आलंय, तेव्हा बांध उंच करा, असं अभियंत्यांचं मत पडलं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि पात्र वर आल्याचा पुरावा त्यांत नाही हे दाखवून दिलं. एका भयंकर वर्षावरून कल ठरवू नये, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केलं.

कोल्हापुरात हे आठवायलाच हवं. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ ला ५६ च्याही वर. हे दोनच बिंदू जोडले तर दर दोन वर्षांनी सुमारे एक फूट, असा कल निघतो. २०२४ ला पाणी ४७ फुटांवर जाऊन ओसरलं, आणि तो बिंदू त्या रेषेच्या कितीतरी खाली पडला. दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते. त्यात नदीविषयी नवीन काही कळत नाही.

तासांचा आलेखही शेवटपर्यंत सरळ राहत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एक होऊन पंचगंगेत येतं. काठाच्या आत असेपर्यंत ते भराभर चढतं. एकदा उसाच्या रानांत पसरलं की त्याच पाण्याने पातळी कमी इंचांनी वाढते. रेषा आडवी पडू लागली म्हणजे येणारं पाणी घटलंच असं नाही. हा गैरसमज मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण त्या एका समजुतीवर माणसं घरात थांबतात. त्यातच वरच्या अंगाला राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, प्रत्येकातून १४२८ क्युसेक. ते पाणी इथवर पोचलं की तासांपूर्वी काढलेला चढ कामाचा राहत नाही.

उतरताना तर वेगळीच रेषा लागते. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते; तिथे कृष्णा तुंबलेली असेल तर पंचगंगेला वाट मिळत नाही आणि पाणी रेंगाळतं. म्हणून चढतानाचा दोन इंचांचा हिशेब घरी परतायचा दिवस काढायला कुणी वापरत नाही. त्यासाठी ओसरू लागल्यानंतरच्या नोंदी नव्याने मांडाव्या लागतात.