एसजीओटी ते ट्रोपोनिन: हार्ट अटॅकच्या रक्तचाचण्यांची पार्श्वभूमी

एसजीओटी या एन्झाइमचा आकडा आज आपल्याला लिव्हरच्या रिपोर्टात दिसतो. पण या चाचणीचं नाव झालं ते हृदयामुळे. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी दाखवलं, की हार्ट अटॅकनंतर हे एन्झाइम रक्तात वाढतं. तोवर डॉक्टरांची भिस्त ईसीजीवर आणि रुग्णाच्या सांगण्यावर होती. हृदयाचा स्नायू मेल्याचा पुरावा रक्तात सापडणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

अडचण एकच. हे एन्झाइम यकृतात असतं, हातापायांच्या स्नायूंतही असतं. पेशी फुटल्या हे कळायचं, पण कुठल्या ते नाही. पाठोपाठ आलेल्या एलडीएच या दुसऱ्या एन्झाइमचंही तेच रडगाणं. ते वाढायचंही सावकाश, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात आलेल्या रुग्णासाठीच त्याचा खरा उपयोग. मग सीपीके (म्हणजेच सीके) हे स्नायूंतलं एन्झाइम आलं आणि त्यातला एमबी हा प्रकार, म्हणजे सीके-एमबी, वेगळा मोजता येऊ लागला. हृदयात त्याचं प्रमाण जास्त, चार-सहा तासांत वाढ दिसते. बरीच वर्षं तीच प्रमाण चाचणी होती. तरी शरीराच्या इतर स्नायूंत एमबी थोडं असतंच, त्यामुळे मोठी दुखापत किंवा अतिश्रम झाले की आकडा फसवायचा. मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन सगळ्यांत आधी वाढतं खरं, पण नेमकेपणात तेही कच्चंच.

ट्रोपोनिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा शोध जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात लावला, तेही स्नायू आकुंचन कसा पावतो हे शोधताना! त्याचे दोन घटक, ट्रोपोनिन टी आणि आय, यांची हृदयातली घडण इतर स्नायूंतल्यापेक्षा वेगळी असते, या चाचणीच्या नेमकेपणाचं गुपित तेवढंच. १९८९ मध्ये जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या गटाने टी मोजण्याची चाचणी मांडली. पहिली आवृत्ती इतर स्नायूंमुळे थोडी फसायची, पुढे ते सुधारलं. २००० मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हार्ट अटॅकची व्याख्याच नव्याने लिहिली आणि ट्रोपोनिनला अग्रमान दिला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने तर स्पष्टच सांगितलं: निदानासाठी सीके-एमबी आणि मायोग्लोबिन करू नका.

तरी जुनी नावं लॅबच्या छापील फॉर्मांतून सहजी जात नाहीत. सीके-एमबीच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास होतो: ट्रोपोनिन आठवडाभर, कधी जास्तही चढलेलं राहतं, मग दुसरा झटका कसा ओळखणार? काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिनच पुन्हा मोजायचं. उतरत चाललेला आकडा परत चढला, की दुसरा झटका कळतो.