खुलासा: नुसत्या सह्यांनी नगरसेवक पायउतार होत नाही

कॅलिफोर्नियात रिकॉलच्या, म्हणजे निवडून दिलेल्याला मुदत संपण्याआधीच पदावरून हटवण्याच्या, अर्जावर पुरेशा सह्या जमल्या की नगरसेवकाचं पद गेलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. सह्यांमुळे फक्त निवडणूक लागते. त्याआधी सह्या मतदारयादीशी ताडून पाहतात. यादीत नाव नसेल तर सही बाद. मग मतपत्रिकेवर प्रश्न येतो: यांना पदावरून हटवावं का? निम्म्याहून जास्त मतं ‘हो’ पडली तरच खुर्ची जाते. तोवर ते सभेत बसतात, ठरावांवर मतही देतात, आणि ते योग्यच आहे. लॉस एंजेलिसचे नगरसेवक डेव्हनपोर्ट यांना १९०४ मध्ये घरी पाठवलं, तेही मतदारांनी मत देऊनच. गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, हाही गैरसमज. तिथे तशी अट नाही.