नळी, बोंडले आणि अंगावरचे दूध

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देण्याइतकेच त्याला दूध पाजणेही अवघड असते, हे पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात एतिएन तार्निए यांनी ओळखले. १८८० च्या दशकात त्यांनी उबपेटीच्या जोडीने रबरी नळीने थेट पोटात दूध सोडण्याची पद्धत रूढ केली. नळीने असंख्य जीव वाचवले. मात्र बाळाला तोंडाने पिणे शिकावे लागते, ही जाणीव त्यानंतर फार उशिरा आली.

गर्भ आईच्या पोटातच गिळू लागतो, परंतु चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांची लय साधारणपणे ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जुळू लागते. त्याआधीचे बाळ दोन-तीनदा चोखते आणि दमते. कपाळाला आठ्या पडतात, बोटे फाकतात, ओठांचा रंग उतरतो. त्या क्षणी पाजणाऱ्याने थांबायला हवे. दूध श्वासनलिकेत जाईल ही भीती खरी होती, पण तिच्यापोटी विसाव्या शतकाच्या मध्यास अनेक ठिकाणी अशा बाळांना पहिले दोन-तीन दिवस उपाशीच ठेवले जाई. त्यामुळे रक्तातील साखर घसरते आणि कावीळ बळावते, हे ध्यानात आल्यावर ही प्रथा मागे पडली. सदिच्छेने केलेली ही चूक बाळांना फार महागात पडली, असे मला वाटते.

१९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे उबपेट्या अपुऱ्या पडत असताना एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. या कांगारू पद्धतीत ऊब आणि स्तनपान एकाच जागी आले. मुंबईत १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी उभारली, त्यामुळे स्वतःच्या आईचे दूध पुरत नसलेल्या बाळांनाही दुसऱ्या आईचे दूध मिळू लागले.

दूध नळीने द्यावे की तोंडाने, याच्या मधला टप्पा आपल्याकडे वाटी-चमच्याने आणि दक्षिणेत पलाडई या चोचीच्या छोट्या भांड्याने सांभाळला. मराठी घरांतले बोंडले त्याच जातीचे: निमुळत्या चोचीतून थेंब थेंब दूध जिभेवर येते आणि बाळ आपल्या गतीने गिळते. त्यात चोखण्याचा सराव मात्र होत नाही. म्हणूनच नळीने दूध जात असतानाच बाळाला आईच्या रिकाम्या केलेल्या स्तनाशी धरतात. तेथे त्याला दूध फारसे मिळत नाही, पण चोखता चोखता पोट भरते ही सांगड त्याच्या मनात बसू लागते.