‘फोटो काढू नका’ या पाटीमागची शंभर वर्षं

तहसीलच्या व्हरांड्यात, कापूस खरेदी केंद्राच्या काट्यापाशी किंवा रेशन दुकानासमोर मोबाइल जरा उंच धरला, की आपल्या विदर्भात कुठूनतरी आवाज येतोच, ‘ओ भाऊ, फोटो कायले काढून राह्यले?’ विचारणाऱ्याला कलम ठाऊक असतंच असं नाही. काढणाराही बहुधा मुकाट्याने मोबाइल खिशात घालतो. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा देशात नाही. मग ही सवय आली कुठून?

धागा इंग्रजांपर्यंत पोचतो. सरकारी गुपितांचा पहिला कायदा १८८९चा. कर्झनच्या काळात, १९०४ साली, तो कडक झाला आणि १९२३मध्ये आजचा शासकीय गुपिते अधिनियम आला. ‘निषिद्ध ठिकाणा’चं रेखाचित्र काढणं त्यात गुन्हा आहे, आणि रेखाचित्राच्या व्याख्येतच छायाचित्रही बसवून टाकलं आहे. मात्र काढणाऱ्याचा हेतू देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक असावा लागतो, हे अर्धं वाक्य गावापर्यंत कधी आलंच नाही.

निषिद्ध ठिकाणं इथे खरोखरच आहेत. पुलगावचं दारूगोळा भांडार, भद्रावतीची आणि भंडाऱ्याजवळची आयुध निर्माणी. त्यांच्या कुंपणावरची पाटी समजू शकते. पण रस्ता, पूल, रेल्वे, पाण्याची-विजेची कामं आपोआप निषिद्ध होत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि तिची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, त्या जागी लावावी लागते. ‘येथे फोटो काढू नये’ एवढंच रंगवलेला पत्रा म्हणजे ती अधिसूचना नव्हे. (रंगवणाऱ्या पेंटरलाही हे कुणी सांगितलेलं नसणार.)

या कायद्याचा कस वर्ध्यातच लागला. २०१८ साली शेजाऱ्यांचं भांडण पोलीस ठाण्यात गेलं, तिथलं बोलणं एकाने मोबाइलवर चित्रित केलं आणि त्याच्यावर थेट गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. हेरगिरीचं कलम, तेही शेजारच्या भांडणात! जुलै २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. व्याख्येत जी ठिकाणं दिली आहेत तेवढीच निषिद्ध, आणि त्यात पोलीस ठाणं नाही, असं न्यायालय म्हणालं.

तरी ‘३५३ लावीन’ ही धमकी, म्हणजे सरकारी नोकराला कामात अडवल्याच्या कलमाची, उरतेच. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झालंय. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. दूर उभं राहून फोटो काढणं त्यात बसत नाही. पुरातत्त्व खात्यानेही २०१८मध्ये अजिंठ्याची चित्रं, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली कबर सोडून बाकी संरक्षित स्मारकांत फोटोला मोकळीक दिली. लोणारचं दैत्यसूदन मंदिर, मार्कंडा, गाविलगड, सगळं त्यात आलं.

पण फोटोग्राफरचा हक्क म्हणजे कुणाच्याही ओसरीत शिरायचा परवाना नाही. मेळघाटातलं कुपोषित पोर, यवतमाळात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरची बाई, यांच्या तोंडापुढे कॅमेरे वर्षानुवर्षं धरले गेले. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या बाईला ‘काढू का?’ असं विचारायला मात्र निकालाची वाट पाहायची गरज नव्हती.

आता तर सरकारच फोटो मागतं. २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने उभ्या पिकाचा फोटो टाकायचा. १ जानेवारी २०२३पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून लावायची सक्ती झाली. डोक्यावर पदर, हातात टोपलं, उन्हात रांग. त्यातल्याच एखादीने कामाच्या खर्चाच्या फलकाचा फोटो घ्यायला मोबाइल काढला, की पुन्हा तोच प्रश्न, ‘कायले?’ काम आणि त्याचे कागद स्वतः पाहण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याने तिला २००५मध्येच दिलेला आहे.